पहिली फळी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



२०२४ सालची रमजान ईद एप्रिलमध्ये होती. सकाळी नमाज झाली, शिरखुर्मा झाला, पाहुण्यांची ये-जा झाली आणि दुपारी अबुधाबीहून भाच्याचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीचा हा मुलगा, वय वर्षे सतरा. 'ईद मुबारक, मामू' म्हणून झाल्यावर तो जरा घुटमळला. मी म्हटले, "बोल की." तेव्हा म्हणाला, "मामू, यंदा ईदी जरा मोठी पाहिजे. फळी घ्यायचीय."

फळी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पुस्तकांची फळी आली. मला बरे वाटले. पोरगा वाचायला लागला, असे मनात आले. पण ती फळी निघाली पाण्यावर उभे राहायची! 'वेकस्केट' असे तिचे नाव. किंमत हजार-बाराशे दिरहम, म्हणजे आपले सुमारे पंचवीस हजार रुपये. मी आकडा पचवतो आहे तोवर मागून बहिणीचा आवाज आला, "भाई, तूच सांग त्याला. आपल्या घरातला एक माणूस पाण्याने नेलाय, तेवढा पुरे झाला."

ती बोलत होती ते आमच्या चुलत्याविषयी. मचव्यावर गेले ते परत आलेच नाहीत. दाभोळच्या खाडीकाठच्या आमच्या गावात अशी एखादी रिकामी जागा बऱ्याच घरांत असते.

एकाच फोनवर दोघांनी माझ्याकडे दोन उलट गोष्टी मागितल्या. एकाला पैसे हवे होते, दुसरीला माझ्या तोंडून नकार हवा होता. मी दोघांनाही म्हटले, "मला आठ दिवस द्या." आठाचे साठ झाले. त्या दोन महिन्यांत मी जे वाचले, पाहिले, जाणत्यांना विचारले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्यापैकी फार थोडे जण ही फळी कधी विकत घेतील, हे मला ठाऊक आहे. पण घरातले मूल एखाद्या नव्या नादाला लागते, पहिले साधन मागते, आणि कोणते घ्यावे हे ना त्याला कळते ना आपल्याला. हा प्रसंग कोणत्या घरात येत नाही?

आधी खेळ समजून घेऊ. होडी वेगाने पुढे गेली की तिच्या मागे पाण्याची वळी उठते. इंग्रजीत तिला 'वेक' म्हणतात. होडीला लांब दोर बांधायचा, दोराच्या टोकाची मूठ हातात धरायची, पायांखाली फळी घ्यायची आणि पाण्यावरून घसरत जायचे. या खेळाचा थोरला भाऊ म्हणजे वेकबोर्ड. त्याच्या फळीवर बूट पक्के बसवलेले असतात आणि त्यात पाय अडकवावे लागतात. वेकस्केटमध्ये पाय मोकळे. रस्त्यावर मुले चाकांच्या फळीवर उड्या मारतात, गिरक्या घेतात, ते सगळे पाण्यावर आणावे, ही यामागची कल्पना. १९९०च्या दशकात अमेरिकेत हा प्रकार आकाराला आला. त्या सुरुवातीच्या काळाशी थॉमस हॉरेल यांचे नाव जोडले जाते.

होडी काही सगळ्यांना परवडत नाही. म्हणून पुष्कळ नवशिके केबल पार्कवर शिकतात. तळ्याभोवती उंच खांब, खांबांवरून विजेवर फिरणारी तार आणि तारेला लटकणारे दोर, अशी ही रचना. जर्मन अभियंते ब्रूनो रिक्सन यांनी १९६०च्या दशकात ही युक्ती काढली. मोठ्या पार्कवर तारेचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या आसपास असतो. शिकणाऱ्यांसाठी दोनच खांबांमधली सरळ तार असते. ती चालवणारा माणूस वेग कमी-जास्त करू शकतो आणि पडलात तर तार थांबवतो. भाचा अशाच एका ठिकाणी मित्रांबरोबर दोनदा जाऊन आला होता. दोनदा जाऊन किती मिनिटे उभा राहिलास, असे मी विचारले. तो म्हणाला, "मिनिटं नाही, मामू. सेकंद विचारा."

आता सेकंदांत मोजणाऱ्या या मुलाला कोणती फळी हवी होती? त्याने मला एक चित्रफीत पाठवली. ब्रायन ग्रब हा नामांकित अमेरिकन वेकस्केटपटू. २०२२-२३च्या हिवाळ्यात त्याने दुबईतल्या एका हॉटेलच्या ७७व्या मजल्यावरच्या तलावात, ड्रोनला बांधलेला दोर धरून फळी चालवली, तलावाचा काठ ओलांडून खाली झेप घेतली आणि पॅराशूटने उतरला. पाहताना माझेच पाय गार पडले. भाच्याला मात्र त्यातले एकच दिसले होते. कसलेला खेळाडू कसा उडतो ते. म्हणून त्याने निवडलेली फळीही कसलेल्या खेळाडूंची होती. लांबीला आखूड, वजनाला हलकी, मधे चांगली खोलगट, कडा धारदार, वर एका प्रसिद्ध खेळाडूची सही.

माझ्या मते इथेच नवशिक्याची पहिली चूक होते. आपण आज जसे आहोत त्या माणसासाठी तो साधन घेतच नाही. पाच वर्षांनी आपण जसे होऊ असे त्याला वाटते, त्या माणसासाठी घेतो. मधल्या पाच वर्षांचा हिशेब कोणी करायचा?

मीही तेच केले होते. गजल लिहायला बसलो तेव्हा उस्तादांची सगळ्यात अवघड, लांबलचक बहर मी पहिल्याच रचनेसाठी घेतली. चार शेर लिहिले आणि चारही लंगडे. माझ्या उस्तादांनी वही मिटली आणि सांगितले, "छोट्या, सरळ बहरेत वर्षभर लिही. कुठे पाय घसरला ते तुझे तुलाच ऐकू येईल, अशी बहर घे." फळीच्या बाबतीतही मला हेच शब्द आठवले. आपली चूक कुठे झाली ते ज्यात कळते, ते नवशिक्याचे साधन. उस्तादाच्या साधनात चूक इतक्या वेगाने होते की ती दिसतच नाही. फक्त पडल्यावर पाणी नाकात जाते.

या खेळाच्या पूर्वजाची गोष्ट मला इथे सांगितलीच पाहिजे. पाण्यावर दोराने ओढत जाण्याची सुरुवात करणाऱ्यांत पहिले नाव घेतात ते राल्फ सॅम्युएलसन यांचे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेक सिटी नावाचे गाव आहे, पेपिन सरोवराच्या काठी. १९२२ सालच्या उन्हाळ्यात हा अठरा वर्षांचा पोरगा म्हणाला, बर्फावरून घसरता येते तर पाण्यावरून का नाही? त्यालाही पहिली फळी निवडायची होती. त्याला सल्ला देणारे दुकान नव्हते, कारण अशी फळी जगात कोणी विकतच नव्हते. त्याने आधी पिंपाच्या बाकदार पट्ट्या पायाला लावून पाहिल्या. बुडाला. मग बर्फावर घसरायच्या पट्ट्या लावल्या. त्यांनीही दगा दिला. तेव्हा त्याच्या लक्षात आले की पट्ट्या अरुंद पडताहेत, पाण्याला धरायला त्यांना अंगच नाही. मग त्याने लाकडाच्या वखारीतून दोन फळ्या आणल्या. आठ फूट लांब, नऊ इंच रुंद. आईच्या तांब्याच्या भांड्यात त्यांची टोके उकळून मऊ केली आणि वर वाकवली. पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. दोर म्हणून खिडकीच्या झडपांना लावतात ती शंभर फूट दोरी घेतली. भाऊ बेन होडी चालवायला होताच.

एवढे करूनही तो पडतच राहिला. फळ्यांची टोके पाण्याखाली ठेवून तो निघत होता आणि होडीने ओढले की नाकावर आपटत होता. २ जुलै १९२२ रोजी त्याने मागे रेलून टोके पाण्याबाहेर काढली आणि तो उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला एकोणीस वर्षे पूर्ण होणार होती. म्हणजे या खेळातली पहिली फळी निवडताना दोन फळ्या वाया गेल्या, तिसरी रुंद निघाली म्हणून टिकली, आणि योग्य फळी मिळाल्यावरसुद्धा पडण्याचा हप्ता चुकला नाही. भाच्याला मी ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आईचं भांडं? आमच्याकडे हे चालणार नाही."

सॅम्युएलसनने पाय पट्ट्यात अडकवले. पुढची बरीच वर्षे या खेळात पाय बांधलेलेच राहिले. १९८५मध्ये कॅलिफोर्नियात टोनी फिन यांनी स्कर्फर नावाची फळी काढली, तिच्यावरही पुढे पायपट्टे आले. १९९०मध्ये हर्ब ओब्रायन यांनी नव्या पद्धतीची, साच्यात दाबून केलेली, पाण्यात बेताने तरंगणारी फळी आणली आणि तिथून वेकबोर्डचा बाजार वाढला. मग काही पोरांनी त्या फळीवरचे बूट काढून टाकले. तीच वेकस्केटची वाट.

हे बूट काढून टाकणे मला का महत्त्वाचे वाटले, ते सांगतो. मी नऊ वर्षांचा असताना खाडीत पोहायला शिकलो. आमच्याकडे तेव्हा पाठीला वाळका भोपळा बांधत, नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधत. मला भोपळा मिळाला. सुंभाची दोरी मीच आवळली, आणि सैल आवळली. भरतीच्या पाण्यात उडी मारल्यावर भोपळा पाठीवरून घसरत कमरेखाली गेला. भोपळा तरंगणारच. त्याने माझी कंबर वर उचलली आणि डोके पाण्याखाली राहिले. मी हातपाय झाडत होतो आणि जो मला वाचवण्यासाठी बांधला होता, तोच मला बुडवत होता. चुलत भावाने उडी घेऊन दोरी कापली. खारे पाणी ओकत मी काठावर बसलो तेव्हा आई काही बोलली नाही. तिने फक्त तो भोपळा उचलला आणि दगडावर आपटून फोडला.

म्हणून बहीण 'पाण्यात नको' म्हणाली, तेव्हा मी आधी एकच गोष्ट तपासली. पडल्यावर ही फळी माणसाला सोडते की धरून ठेवते? वेकस्केट सोडते. पडलात की फळी एकीकडे, तुम्ही दुसरीकडे. पाय अडकून गुडघा किंवा घोटा पिरगळण्याची भीती त्यामुळे कमी होते. पण मोकळ्या फळीचा दुसरा धोका आहे आणि तो लपवू नये. सुटलेली फळी उडून तुमच्याच नडगीवर, बरगडीवर, डोक्यावर बसू शकते. वेगात पाण्यावर आपटणेही कमी नसते. सवय नसलेल्याला पाणी पाट्यासारखे लागते. म्हणून माझी पहिली अट ठरली. फळीच्या आधी शिरस्त्राण आणि अंगाला नीट बसणारे तरंगते जॅकेट. जॅकेट सैल नको. सैल बांधलेल्या गोष्टीचे काय होते ते मला विचारा. आणि पोहता आलेच पाहिजे. जॅकेट आहे म्हणून पोहणे नको, असे म्हणणाऱ्याला पाण्यात सोडू नये.

आता फळीकडे वळू. दुकानदार दहा गोष्टी सांगतो. त्यातल्या नवशिक्याच्या कामाच्या सहा.

पहिली गोष्ट लांबी. या फळ्या साधारण एकोणचाळीस ते पंचेचाळीस इंचांच्या असतात. आखूड फळी हवेत लवकर फिरते, पण पाण्यावर डगमगते. लांब, रुंद फळी संथ असते, पण पाणी जास्त धरते, कमी वेगातही माणसाला उचलते आणि पाय थोडा इकडेतिकडे पडला तरी सांभाळून घेते. सॅम्युएलसनचा धडा तोच. माणसाच्या वजनाप्रमाणे लांबी बदलते. सडपातळ मुलाला एक्केचाळीस-बेचाळीस इंच पुरते, भरल्या अंगाच्या माणसाने त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या पुढे पाहावे. दोन मापांत अडकलात तर मोठे घ्यावे. मुलांना शाळेचा गणवेश घेताना आपण हेच करतो, फक्त कारण वेगळे.

दुसरी गोष्ट ती कशाची केली आहे. फळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एक लाकडाची, पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेली. दुसरी आतून हलक्या गाभ्याची आणि वरून काचतंतूचे कवच असलेली. लाकडी फळी बहुधा स्वस्त असते, पायाखाली जिवंत लागते, उडी मारताना छान उसळी देते. पण तिची कड कुठे ठेचली की तिथून पाणी आत शिरते, पापुद्रे सुटतात, फळी जड होते. आमच्या खाडीकाठच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. पावसाळ्यात होड्या ओढून वर घेत, फळ्यांच्या फटींत कापूस ठोकत, माशाचे तेल चोपडत. ते सगळे या एका कारणासाठीच. लाकूड आणि पाणी यांची दोस्ती राखण करूनच टिकते. ज्याला कड ठेचली की त्याच दिवशी फळी सावलीत वाळवून डिंकासारखे इपॉक्सी भरायची शिस्त आहे, त्याने लाकडी घ्यावी. सतरा वर्षांच्या मुलाचा ओला टॉवेल तीन दिवस पलंगाखाली असतो, असे बहिणीने मला सांगितले. तेव्हा कवचाची फळी ठरली. ती थोडी महाग, पण रांगडी.

तिसरी गोष्ट तिचा पृष्ठभाग. पाय बांधलेले नाहीत, तेव्हा ते धरून ठेवायचे काम वरच्या थराचे. काही फळ्यांवर पॉलिशपेपरसारखा खरखरीत कागद असतो. बूट घातले तर त्यावर पकड उत्तम बसते. पण अनवाणी पाय सोलवटतात, पडताना गुडघा घासला तर कातडे जाते. काहींवर मऊ रबरी फोमचा थर असतो. त्याची पकड थोडी कमी, पण अनवाणी चालते आणि नडग्यांवर दया करते. पहिल्या वर्षात माणूस फळीवर उभा कमी असतो, तिच्यावर आपटतच जास्त असतो. तेव्हा मऊ थर बरा. तळाला पाणी झटकन सोडणारे हलके बूट घातले तर घोट्यांना आणि बोटांनाही आधार मिळतो.

चौथी गोष्ट बाक. फळी बाजूने पाहिली तर दोन्ही टोके वर उचललेली दिसतात. हा बाक कुठे एकसंध, होडीच्या तळासारखा असतो, कुठे मधे सपाट आणि टोकांकडे एकदम वळलेला. दुसऱ्या प्रकारची फळी लाटेवरून उंच उडवते, पण पाणी ढकलते आणि वेग खाते. एकसंध, बेताचा बाक असलेली फळी काय करणार ते आधी कळते. नवशिक्याला तेच हवे.

पाचवी गोष्ट पंख. फळीच्या तळाशी, टोकांजवळ, माशाच्या पराएवढे लहान पंख असतात. ते फळीला सरळ ठेवतात. पुढे गिरक्या घ्यायच्या म्हटल्या की ते आड येतात, म्हणून पुष्कळ फळ्यांवर ते स्क्रूने काढता येतात. पहिली फळी अशी काढत्या पंखांची घ्यावी आणि पहिली काही महिने पंख काढूच नयेत. सायकलची बाजूची चाके काढायची घाई जशी आपणच पोरांपेक्षा जास्त करतो, तशी इथे करू नये.

सहावी गोष्ट कडा आणि खोलगटपणा. धारदार कडा पाण्याला चावते, वळताना जोर देते, आणि बेसावध क्षणी पाण्यात रुतून माणसाला तोंडघशी पाडते. गोलसर कडा माफ करते. फळी मधे थोडी खोलगट असेल तर न पाहताही पावलाला कळते की आपण कुठे उभे आहोत. पण फार खोलगट असेल तर पाय दुखतात. बेताची असावी.

हे सगळे ऐकून एक गृहस्थ मला म्हणाले, "कवी, तुम्ही तर दुकानच काढा!" दुकान काढले तर माझे पहिले वाक्य असेल, आज फळी घेऊ नका. केबल पार्कवर फळ्या भाड्याने मिळत असतील तर महिनाभर भाड्याच्याच घ्या. आज लांब, उद्या आखूड, परवा मऊ थराची. चार फळ्यांवरून पडल्यावर तुमचे पाय तुम्हाला जे सांगतील, ते कोणतेही माहितीपत्रक सांगणार नाही. आणि मग शक्यतो जुनी घ्या. या खेळात फार जण उत्साहाने फळी घेतात आणि ती सहा महिन्यांनी गॅलरीत उभी राहते. अशी फळी चांगल्या हालतीत अर्ध्या किमतीला मिळू शकते.

जुनी घेताना मात्र माठ घेतो तशी घ्यावी. बोटाने सगळीकडे टिचकी मारून पाहावी. एखाद्या ठिकाणी आवाज बद्द आला तर आतला थर सुटला आहे असे समजावे. अंगठ्याने दाबून पाहावे, कुठे मऊ लागते का. कडेला चिरा आहेत का, पंखांच्या स्क्रूंची भोके झिजली आहेत का, ते पाहावे. लाकडी असेल तर हातात तोलावी. पाणी प्यालेली फळी वजन सांगतेच. सपाट जमिनीवर ठेवून ती पिळवटलेली नाही ना, तेही बघावे. वरचा थर निघाला असेल तर भिऊ नये, तो नवा बसवता येतो.

जूनमध्ये मी पैसे पाठवले. ठरल्या रकमेच्या निम्मेच, आणि कशाला किती हे लिहून. शिरस्त्राण, जॅकेट, महिनाभराचे भाडे, आणि उरतील त्यात जुनी फळी. भाच्याचा चेहरा पडला असणार. फोनवर तो फक्त "जी मामू" म्हणाला. बहिणीला मी सांगितले, "तू त्याला नको म्हणू नकोस. एकदा त्याच्याबरोबर जा, काठावर बस, आणि तो पडतो कसा ते पाहा. उभा राहतो कसा हे पाहायला बाकीचे जग आहे." तिने उत्तर दिले नाही. त्यावर मीही अधिक बोललो नाही. चुलत्यांची आठवण तिची तशी माझीही. ते गेले तेव्हा आम्ही दोघेही लहान होतो. मोठी माणसे त्यानंतर आम्हाला खाडीकडे पाठवेनात, आणि आम्ही खाडीला पाठ करून मोठे झालो. मी निदान कवितेत तरी तिच्याकडे परत गेलो. बहीण तिकडे, वाळवंटाच्या देशात, पाण्यापासून सुरक्षित अंतरावर राहिली. आणि पाणी तिच्या मुलाच्या पायाशी येऊन उभे राहिले.

तिथला उन्हाळा उतरल्यावर, ऑक्टोबरमध्ये, एका शुक्रवारी संध्याकाळी फोन आला. भाच्याला धाप लागली होती. त्याने बेचाळीस इंची, कवचाची, मऊ थराची, दुसऱ्याने वापरलेली फळी घेतली होती. वर कोणाची सही नव्हती. म्हणाला, "मामू, आज एकवीस वेळा पडलो."

मी विचारले, "आणि बाविसाव्यांदा?"

"तेव्हापण पडलो. पण अख्खी फेरी मारून पडलो."

मी त्याला विचारले, काय वेगळे केलेस? तो म्हणाला, "काहीच केलं नाही. आधी मी दोर ओढून उठायला बघायचो. या वेळी हात सरळ ठेवले, गुडघे वाकवले आणि दोरालाच मला उचलू दिलं." सॅम्युएलसनलाही १९२२ साली थोडेफार असेच कळले होते. ते सांगायला मी तोंड उघडले, तेवढ्यात बहिणीने फोन घेतला. ती काठावर टॉवेल घेऊन बसली होती. तीन तास. मला वाटले, आता बोलणी खावी लागणार.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भाई, पडला की फळी सुटते रे त्याच्या पायातून. मी दरवेळी पाहिलं. दरवेळी सुटते."

मी म्हटले, "हो. म्हणूनच ती घेतली."